किरण नांदवणारे वामनराव

"किरण नांदला पायजे, ताई. आरसे काय, कुणीबी लावंल."

वामनराव असवल्यांनी पहिल्याच भेटीत मला हे ऐकवलं आणि माझं टाळकंच सरकलं. कारण आरसे लावणारी ती 'कुणीबी' म्हणजे मी! पुण्यात एम.एस्सी. करून, चार वर्षं भिंगांशी झटापट करून मी लोणावळ्याला आले होते. आणि हे गृहस्थ, पायांत वहाणा, पँटच्या एका पायाला सायकलची क्लिप, खिशात तीन पेनं आणि एक चुन्याची डबी, मला शिकवत होते. मी फणकाऱ्याने म्हटलं, "किरण काय सासरी आलाय नांदायला?" तर राग येण्याऐवजी ते एकदम खूश झाले.

"व्हय! आत्ता बोललात. अगदी त्येच!"

आमची प्रयोगशाळा म्हणजे तुंगार्लीच्या चढावरचा एक जुना बंगला, सरकारने भाड्याने घेतलेला. जेवणघरात लेसरचं टेबल, कोठीच्या खोलीत काच घासायचं चाक, आणि पूर्वी जिथे कुणा शेटजींचा पियानो असायचा तिथे वामनरावांचं मेज. सत्तरीच्या दशकाची पहिली वर्षं ती. लेसर हा शब्दही तेव्हा गावात कुणी ऐकलेला नव्हता. बाजारात भाजीवाल्या मला 'आरशावाल्या बाई' म्हणून ओळखत, आणि माझा समज असा की या मला नटवी समजतात.

आम्हाला करायचं होतं ते सांगायला अगदी सोपं. समोरासमोर दोन आरसे ठेवायचे. मधे रंगाची एक पातळ धार सोडायची आणि तिच्यावर दुसऱ्या लेसरचा निळा उजेड मारून ती पेटवायची. मग प्रकाश या आरशापासून त्या आरशापर्यंत येरझारा घालत वाढत जातो आणि नारिंगी किरण होऊन बाहेर पडतो. मेख एकच: रंगाच्या धारेतून जाताना तो किरण केसाहून बारीक झाला पाहिजे, नाहीतर काही म्हणता काही पेटत नाही. म्हणून वाटेत तिसरा, खोलगट आरसा तिरका बसवायचा. तो किरणाला वळवतोही आणि आवळतोही. आता त्या आरशाला बाक किती द्यायचा, तो तिरका किती ठेवायचा, अंतरं किती? जरा चुकलं की दहा-वीस फेऱ्यांत प्रकाश आरशाच्या कडेवरून निसटून जातो. न निसटता तो फिरत राहिला, की वामनरावांच्या भाषेत तो नांदला.

हे सगळं ते कॉम्प्युटरवर काढत. तोपर्यंत आम्ही बाकीचे काय करत होतो? तर आरसा लावायचा, बघायचा, सरकवायचा, पुन्हा बघायचा, आणि शेवटी चहा प्यायला जायचं. वामनराव म्हणत, "आदी कागदावर नांदवा, मग टेबलावर आणा." त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. तीन आरसे सांगा, अंतरं सांगा, तो किरणाला शेकडो फेऱ्या मारायला लावणार आणि कुठे तो किती जाड, कुठे किती बारीक ते छापून देणार. किरणाचा आकार समजवायला ते दोन्ही हातांनी हवेत डमरू काढत: दोन टोकांना फुगीर, मधे चिमटलेला. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना तोच डमरू. संचालकांना आम्ही मोठेसाहेब म्हणत असू. तेही पुढे पुढे बोलता बोलता हवेत डमरू काढायला लागले.

कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता, पुण्याला होता. एका संस्थेत आम्हाला आठवड्यातून दोन वेळा तो वापरायला मिळे. प्रोग्रामच्या एकेका ओळीचं भोकं पाडलेलं एकेक कार्ड, अशी तीनेकशे कार्डांची चळत घेऊन वामनराव पॅसेंजरने जायचे. एक स्वल्पविराम राहिला तरी तिथलं मशीन कोरा कागद हातात देऊन परत पाठवायचं. पण त्याहून मोठा शत्रू म्हणजे आमच्याकडची ओल. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने माणसाच्या अंगावरचं वस्त्र वाळत नाही, तिथे कागदाची काय कथा! कार्डं फुगायची आणि पुण्याचं मशीन ती तोंडात धरून बसायचं. आम्ही कपाटात दिवा लावून पाहिला, डब्यात चुन्याचे खडे घालून पाहिले. व्यर्थ.

मग वामनरावांनी कार्डं घरी न्यायला सुरुवात केली. त्यांचं गाव वडगावच्या अलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घरी आई, एक म्हैस आणि भाताची चार खाचरं. त्यांच्या आईने चुलीच्या वर एक फळी टांगलेली होती. पुढच्या वर्षीचं भाताचं बियाणं ती टोपलीत घालून तिथे ठेवायची, म्हणजे धुराने कीड लागत नाही आणि उबेने ओल राहत नाही. त्या टोपलीशेजारी आता लेसरचा प्रोग्राम जाऊन बसला. त्यानंतर एकही कार्ड अडकलं नाही. फक्त कॉम्प्युटरची खोली चुलीसारखी वास मारायला लागली आणि एकदा कार्ड वाचायच्या मशीनमधून भाताचं तूस निघालं. तिथले ऑपरेटर अस्सल पुणेकर. त्यांनी लगेच दारावर कागद चिकटवला: 'कार्डांसोबत धान्य आणू नये.' पुढच्या खेपेला वामनराव कार्डं एका हातात आणि आंबेमोहोराची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन गेले. "सोबत न्हाई आणलं. येगळं आणलंय." त्या दिवसापासून आम्हाला आठवड्यातून दोनऐवजी तीन वेळा मिळायला लागल्या.

असा हा माणूस. स्वतःच्या हिशेबाबद्दल 'बरोबर आहे' असं कधी म्हणायचा नाही; "मशीन व्हय म्हणतंय" इतकंच. इंग्रजी उत्तम, गणित तर विचारूच नका, पण बोलायचं ते आपल्या मावळी बोलीतच. मुंबईहून मोठ्या पगाराची नोकरी चालून आली होती, ती नाकारलेली. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "आय येत न्हाई, म्हस येत न्हाई. मग म्या एकट्यानं जाऊन काय करू?" मला तेव्हा वाटलं होतं, काय हा हेकटपणा. मी स्वतः किती हेकट आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या प्रोग्रामची आणखी एक गंमत होती. गणित जमलं की इतरांचे प्रोग्राम इंग्रजीत काहीतरी गंभीर छापायचे. वामनरावांचा प्रोग्राम इंग्रजी अक्षरांत 'नांदतो' नाहीतर 'नांदत नाही' असं छापायचा. दिल्लीहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि मोठ्या अदबीने विचारलं, की ही कसोटी कुणा जपानी शास्त्रज्ञाची का? वामनराव शांतपणे म्हणाले, "नो सर. फ्रॉम मावळ."

आम्ही हसू दाबून उभे होतो, पण त्याच बैठकीत हसू मावळलं. त्या अधिकाऱ्यांनी जाता जाता सांगितलं, की हिवाळ्यात समिती येईल. तोवर टेबलावर नारिंगी किरण दिसला तर ठीक. नाही दिसला तर हा बंगला बंद आणि सगळ्यांची रवानगी दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत. मला काय, एक ट्रंक आणि एक वळकटी, कुठेही गेले असते. पण वामनरावांचा चेहरा मी पाहिला. जायचं तर आई सुटणार. राहायचं तर नोकरी सुटणार, आणि नोकरीबरोबर तो पुण्याचा कॉम्प्युटर. त्या दिवशी त्यांनी चुन्याची डबी उघडली आणि तंबाखू न मळताच पुन्हा बंद केली.

मग आम्ही कामाला जुंपलो. महिन्याभराने वामनराव लांबच लांब कागद फडकवत आले. "मशीन व्हय म्हणतंय!" खोलगट आरशाचा बाक ठरला. मोठ्यासाहेबांनी सही केली, दिल्लीला कळवलंसुद्धा. आता आरसा घासायचा. त्यासाठी लागणारी काच परदेशातून आलेली, एकच चकती. दुसरी मागवायची म्हटलं तर परवान्यालाच वर्ष जाणार. आणि काचेचं असं असतं, की बाक एकदा जास्त खोल गेला की ती परत भरून येत नाही.

घासणारे होते शेलार आबा. चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोटाने चाचपून ते बाक सांगत आणि माझं यंत्र नंतर तेवढाच सांगे. मोठं काम असलं की आबा सोमवारी सकाळी चाकाची पूजा करत, नारळ फोडत, आणि एकदा नारळ फुटला की काच चाकाला लागल्याशिवाय उठत नसत. त्यांच्यापुढे मोठेसाहेबही चपला बाहेर काढून उभे राहायचे.

त्या सोमवारी आम्ही सगळे कोठीच्या खोलीत जमलो. फक्त वामनराव नव्हते. उदबत्ती लागली, नारळ फुटला, आबांनी चकती उचलली. तेवढ्यात बाहेर दुधाच्या टेम्पोचे ब्रेक कचकन वाजले आणि आरोळी आली.

"आबा, हात उचला! काच लावू नका!"

दारात वामनराव. आणि काय तो अवतार! एका गालावर साबणाचा फेस वाळून पापुद्रे सुटलेले, दुसरा गाल गुळगुळीत. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, हातात दाढीचा आरसा. मी तोंडावर पदर धरला. कुणीतरी शिंकल्याचं सोंग करून हसलं.

"माजं चुकलं," वामनराव म्हणाले. "लय मोठं चुकलं."

मग त्यांनी सांगितलं. सकाळी अंगणात, मेढीला आरसा टांगून दाढी करत होते. चेहरा मोठा दिसतो तसला, खोलगट आरसा. तो जरा तिरका टांगला गेला होता आणि शेजारच्या खांबावर त्याचा कवडसा पडला होता. कवडसा गोल असायला हवा. तर तो गोल नव्हता. उभी रेघ होती.

"या भायेर," असं म्हणून ते आम्हा सगळ्यांना उन्हात घेऊन गेले. आरसा तिरका धरला आणि खिशातलं एक जुनं कार्ड कवडशात धरलं. जवळ धरलं तर उजेडाची उभी रेघ. तेच कार्ड चार बोटं लांब नेलं तर आडवी रेघ! गोल ठिपका कुठेच नाही. तिरका धरलेला खोलगट आरसा किरणाला उभ्यात एका जागी आवळतो आणि आडव्यात दुसऱ्या. आणि वामनरावांच्या प्रोग्रामने किरण फक्त एकाच अंगाने मोजला होता. का? तर टेबलाचा नकाशा आम्ही नेहमी वरून बघितल्यासारखा काढायचो. कागदावर किरण सपाटच असायचा. त्याला उंचीही असते हे आम्हा इतक्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नकाशा मीच काढला होता, हे मी त्या क्षणी सोयीस्करपणे विसरले आणि तिखटपणे बोलून गेले.

"कालपर्यंत छातीठोकपणे सांगत होतात ना, मशीन हो म्हणतंय म्हणून?"

"मशीनला अर्धंच इचारलं वो, ताई," ते म्हणाले. "त्यानं अर्ध्याचं खरं उत्तर दिलं."

ते गप्प बसले असते तर आरसा झाला असता, किरण पेटला नसता आणि दोष माझ्या आरसे लावण्याला गेला असता. कुणाला कळलंही नसतं. हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

पण खरा पेच वेगळाच होता. आबा चाकापासून हलेनात. "नारळ फुटलाय, साहेब. चाक आता रिकामं न्हाई थांबवायचं. आजवर थांबलं न्हाई."

वामनराव एकीकडे, आबा दुसरीकडे, मधे ती एकुलती एक चकती. सगळ्यांनी मोठ्यासाहेबांकडे पाहिलं. दिल्लीला पत्र त्यांच्या सहीने गेलेलं. ते आपल्या खोलीत गेले. आता हे बदलीचा कागदच आणतात की काय, असं मला वाटलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात टेबलावरचा काचेचा पेपरवेट होता.

"आबा, आजचा मुहूर्त याच्यावर करा," ते म्हणाले. "आणि असवले, तुम्ही आधी दाढी पूर्ण करा. नंतर प्रोग्राम."

आबांनी पेपरवेट चाकाला लावला आणि खोलीत जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. वामनरावही हसत होते, एका गालाने पांढरे.

पुढचे सहा आठवडे विचारू नका. नव्या प्रोग्राममध्ये किरण दोनदा फिरायचा, एकदा उभ्या अंगाने, एकदा आडव्या. वामनरावांनी त्यांना सासू आणि सून अशी नावं ठेवली. "येका घरात दोगी नांदल्या पायजेत. एकीचं भागून चालत न्हाई." कागद यायचा: सासू नांदते, सून नांदत नाही. दुसरा यायचा: सून खुशाल, सासू पळाली. पुण्याचे ऑपरेटरसुद्धा आता गुंतले होते, कागद देताना विचारायचे, "आज काय, भांडण मिटलं?"

आणि एके दिवशी मिटलं. वामनरावांच्या लक्षात आलं, की आमची रंगाची धारही किरणाच्या वाटेत तिरकी उभी आहे आणि तीही किरण बिघडवते, पण उलट बाजूने. आरसा नेमक्या कोनात तिरका ठेवला तर एकाने केलेला बिघाड दुसरा फेडून टाकतो. तो कोन प्रोग्रामने काढला. त्या कोनासाठी आरशाचा बाक पहिल्यापेक्षा बराच उथळ हवा होता. म्हणजे आबांनी त्या सोमवारी चकती घासली असती तर संपलंच होतं. या वेळी वामनराव म्हणाले नाहीत की मशीन व्हय म्हणतंय. कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुमी बगा, ताई. म्या काय इचारायचं इसरलोय का?"

मी दोन दिवस बसून बघितलं. काही सापडलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण काहीतरी सापडावं अशी माझी इच्छा होती.

समिती आली त्या दिवशी भर दुपारी जेवणघराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. मी आरसे लावले, वामनरावांच्या कागदाबरहुकूम, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. निळा उजेड धारेवर पडला. काही नाही. मी मधल्या आरशाचा स्क्रू किंचित फिरवला. काही नाही. मागून वामनराव हळूच म्हणाले, "घाई नगा करू. नवं घर हाय." मी आणखी पाव फेरा दिला, आणि समोरच्या भिंतीवर झेंडूच्या फुलाच्या रंगाचा एक ठिपका उभा राहिला. गोल! उभा नाही, आडवा नाही, पौर्णिमेच्या चंद्राइतका गोल! मोठ्यासाहेबांनी टाळी वाजवली. आबांनी चाकाला नमस्कार करावा तसा भिंतीला केला. मी काय केलं ते सांगत नाही. इतकंच सांगते की वामनरावांचा टॉवेल त्या दिवशी माझ्या उपयोगी पडला.

त्यांची आईही आली होती. मुलाने आग्रहाने आणली होती. दिल्लीच्या साहेबांच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन, ती तो ठिपका कितीतरी वेळ बघत राहिली.

"वामन्या, ह्येच व्हय रं ते?"

"व्हय, आय."

"ह्या येवढ्याश्यासाटी दोन वर्स माजी चूल अडवलीस?"

बंगला राहिला. वामनराव राहिले, म्हैस राहिली. गेले ती मी, दोन वर्षांनी, बढती घेऊन उत्तरेला. निरोपाला वामनरावांनी पानभर कोष्टक काढून दिलं: माझ्या नव्या टेबलासाठी कुठला आरसा कुठे ठेवायचा ते. खाली लिहिलं होतं, 'आधी दोनदा विचारा.' आणि म्हणाले, "पॅसेंजरनं जाल ना पुण्याला? कान्हं सुटलं की डाव्या खिडकीला बसा. टेशनवर न्हाई जमायचं, सकाळी म्हशीच्या धारा असत्यात."

मी बसले डाव्या खिडकीला. कान्हे गेलं. कापणी झालेली खाचरं, पेंढ्यांच्या गंज्या, इंद्रायणीकाठची झाडं. आणि एकदम शेताच्या मधोमध काहीतरी लखलखलं. गाडी पुढे सरकली तरी ते लखलखतच राहिलं. मला लगेच उमगलं. सपाट आरसा असता तर नेम धरावा लागला असता. दाढीचा आरसा उजेड आधी आवळतो आणि मग पसरवतो. तो अख्ख्या गाडीला दिसतो. त्याचाही हिशेब या माणसाने केला असणार, आणि चुकून मी उजव्या खिडकीला बसले तर काय, याचाही.

वडगावच्या सिग्नलपाशी गाडी हळू झाली आणि ते नीट दिसले. बांधावर उभे, बंडीत, खांद्यावर टॉवेल. एका हाताने आरसा हलवत होते, उभा, मग आडवा, मग उभा. दुसऱ्या हातात वस्तरा. आणि एक गाल साबणाने पांढराशुभ्र. गाडीची वेळ विसरून दाढीला बसले असणार आणि शिटी ऐकून तसेच धावत सुटले असणार! मी हसत हसत खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हात हलवत राहिले.

समोरच्या बाकावर कोथिंबिरीची पाटी घेतलेली एक मावशी बसली होती. तिने मला पाहिलं, शेतातल्या त्या लखलखाटाला पाहिलं आणि विचारलं, "कोन वो ते, बाई? तुमच्यातलं हाय का?"

"हो," मी म्हटलं. "आमचे वामनराव. दाढी करताहेत."